गोंगाटात जमा

माझ्या भाचीने माझ्यावर फिल्म काढायचं ठरवलं, तेव्हा मी तिला साफ नाही म्हणून सांगितलं. अहो, बघण्यासारखं काय आहे माझ्यात? एक छोटं सलून, दोन खुर्च्या, त्यातली एक कायम रिकामी, आणि गळ्याला यंत्र टेकवून बोलणारा एक म्हातारा. पण ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. आईचा हट्ट जसाच्या तसा उचललाय.

यंत्राचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घशाच्या कॅन्सरमध्ये डॉक्टरांनी माझं स्वरयंत्र काढून टाकलं. तेव्हापासून मी टॉर्चसारखं दिसणारं एक यंत्र गळ्याला टेकवून बोलतो. बटण दाबलं की ते गुणगुणायला लागतं आणि त्या गुणगुणण्यावर मी ओठ आणि जीभ हलवून शब्द बसवतो. बोलणं कळतं, पण सगळं एकाच सुरात. राग असो, लाड असो, चेष्टा असो, सगळ्याला एकच पट्टी. मी त्याला भुंगा म्हणतो. बायको त्याच्या आधीच गेली. माझा हा आवाज तिला ऐकावा लागला नाही, एवढं एक समाधान मी करून घेतो. खरं तर तिने चेष्टा करून करून मला हैराण केलं असतं आणि मला ते हवं होतं.

केस कापायला दोन हात लागतात, एका हातात कंगवा, दुसऱ्यात कात्री. भुंगा धरायला तिसरा हात कुठून आणू? म्हणजे एकतर केस कापायचे, नाहीतर बोलायचं. पूर्वी माझ्या कात्रीपेक्षा जीभ जास्त चालायची. लोक केस वाढायच्या आधीच यायचे, नुसते गप्पांना. आता गिऱ्हाईक येतं, बसतं, फोन काढतं. मी कंगवा ठेवून भुंगा उचलतो, काहीतरी विचारतो, ते आरशातून दचकून बघतं आणि नुसतं मान हलवतं. अर्धवट कापलेल्या डोक्याने कोणाला गप्पा हव्या असतात? मग मीही कंगवा उचलतो. दिवस असा जातो.

आता मुलाचं. त्याला परदेशात नोकरी लागली, तेव्हा तो म्हणत होता, बाबा, दुकान बंद करा आणि आमच्याबरोबर चला. मी म्हटलं, मी काय सामान आहे का बरोबर न्यायला? ते जरा लागेल असंच म्हटलं होतं, आणि लागलं. जायच्या आदल्या दिवशी आणखी एक झालं. नात तेव्हा रांगत होती. मी तिला मांडीवर घेऊन भुंग्याने तिच्याशी बोलायला गेलो, तर पोर किंचाळून रडायला लागली. सून तिला घेऊन आत गेली. मुलगा म्हणाला, लहान आहे हो, होईल सवय. ते गेले.

जाताना मुलाने एक टॅब दिला होता. तो आरशासमोर पावडरच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि दुकान बंद असतं त्या दिवशी सकाळी बोलायचं, असं ठरलं. पहिल्याच कॉलमध्ये मी भुंगा लावून बोलायला लागलो, तर मुलगा म्हणाला, बाबा, आवाज येत नाही. मी मोठ्याने बोललो. म्हणजे आपलं बटण जास्त जोरात दाबलं. बाबा, आवाज येत नाही, यंत्राचे सेल बदला. मी बदलले. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी लिहून पाठवलं, सेल ठीक आहेत. तर पठ्ठ्याने सेलचं अख्खं खोकं पाठवून दिलं. अरे, मी काही बहिरा नाही! माझ्या कानाला भुंगा खणखणीत ऐकू येत होता, पंख्याची घरघर येत होती, पलीकडून सुनेच्या भांड्यांचाही आवाज येत होता. सगळ्यांचा आवाज येतो आणि फक्त माझाच येत नाही?

‘आवाज येत नाही’ हे मला नवीन नव्हतं. ऑफिसातली माणसं, दुकानदार, झाडून सगळे फोनवर माझा भुंगा ऐकला की हेच म्हणून फोन ठेवतात. पण मुलगा म्हणायला लागला तेव्हा माझ्या डोक्यात एक किडा शिरला. मला वाटलं, नात घाबरते म्हणून हा त्याच्या बाजूने माझा आवाज बंद करून ठेवतो. एकदा शिरलेला किडा निघतोय होय! मग मी भुंगा उचलायचाच सोडला. तो विचारायचा, जेवलात का, मी मान हलवायचो. झोप लागते का, मान. हळूहळू त्याचेही प्रश्न कमी झाले. आम्ही दोघं मूग गिळून एकमेकांकडे बघत बसायचो आणि मग तो म्हणायचा, बरं, ठेवतो.

लिहून विचारायचं होतं, असं कोणीही म्हणेल. काय लिहू? तू माझा आवाज बंद करतोस का रे? असं बापाने मुलाला विचारायचं? आणि तो हो म्हणाला तर?

एका कॉलमध्ये नात दिसली, आता चांगली धावणारी. मुलगा तिला म्हणाला, आजोबा कसे करतात, दाखव. तिने एक चमचा घेतला, उभा धरून गळ्याला लावला आणि नुसते ओठ हलवले. तोंडातून हूं की चूं नाही. सगळे हसले, मीही दात दाखवले. टॅब बंद केल्यावर मात्र दुकानात झाडायला काही नव्हतं तरी मी झाडत बसलो. माझी खात्रीच पटली होती. आवाज बंद ठेवतात म्हणूनच पोरीला आजोबा मुके वाटतात.

अशात ही भाची आली. फिल्म शिकवणाऱ्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. शेवटी प्रत्येकाने एक छोटी फिल्म करून द्यायची असते. बाकीची मुलं गट करून करतात, कोणी कॅमेरा धरतं, कोणी आवाज बघतं. हिचं कोणाशी भांडण नव्हतं, पण कोणाशी जमतही नव्हतं. बहिणीचा फोन आला, दादा, पोरगी एकटी पडलीय रे, ठेवून घे थोडे दिवस. मी नाही म्हटलं होतं, पण ही बॅगा घेऊन दारात. दुकानाच्या मागच्या खोलीत राहिली आणि दिवसभर त्या रिकाम्या खुर्चीत बसायला लागली, कानांवर भलेमोठे हेडफोन चढवून. मी तिचं नाव डायरेक्टर ठेवलं. एकदा पाहिलं तर हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती, टोक खिशात. विचारलं, तर म्हणाली, हे घातलं की कोणी बोलत नाही, मामा, आणि कोणी बोलत नाही याचं वाईटही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी फिल्मला हो म्हटलं.

मग तिचं राज्य सुरू झालं. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. मी अमुक पट्टीवर उभं राहायचं, त्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. स्वतःच कॅमेऱ्यासमोर जाऊन टाळी वाजवायची, स्वतःच मागे पळायची. मी म्हटलं, कलाकार आम्ही आणि टाळ्या तुलाच? तर म्हणाली, चित्र आणि आवाज वेगवेगळे रेकॉर्ड होतात, नंतर टाळीवर जुळवायचे असतात. दिवसातून एकदा ती सगळ्यांना गप्प बसवून दुकानाची शांतता रेकॉर्ड करायची. म्हणे प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि दोन वाक्यांच्या मध्ये तीच भरावी लागते. मी म्हटलं, शांतता हवी तर आधी सांगायचं, आमच्याकडे पोत्याने पडलीय.

तिचं खरं भांडण होतं पंख्याशी. माझा पंखा जुना, घरघर करतो. तो बंद केला की गिऱ्हाईक घामाघूम आणि कापलेले केस मानेला चिकटतात. त्यात केस बारीक करायच्या मशीनची भुणभुण वेगळी. एकदोनदा तिने पंखा बंद करायला लावला, मग हात टेकले. म्हणाली, असू दे, आता नवीन सॉफ्टवेअर आहेत. मागचा सगळा गोंगाट नंतर साफ करता येतो. हे सांगताना पोरगी इतकी खूश दिसली की मलाही बरं वाटलं. सगळं नंतर साफ करता येत असेल तर चांगलंच आहे.

शेवटी तिने मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. म्हणाली, आज कात्री नाही, हात मोकळे, आता बोल. मी बोललो. इतक्या दिवसांत माझ्या बोलण्याची कोणी वाट पाहिली नव्हती. ती पाहत होती. बायकोचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं. मग तिने मुलाचं विचारलं आणि मी जे कोणाजवळ काढलं नव्हतं ते बोलून बसलो. म्हटलं, माझा मुलगा कॉलवर माझा आवाज बंद करून ठेवतो. भुंगा तर सगळं एका सुरात बोलतो, पण डोळ्यांना कोण आवरणार? तिने कॅमेरा बंद केला.

दोन दिवस ती लॅपटॉपमध्ये डोकं घालून होती. मग संध्याकाळी, दुकान बंद करायच्या आधी म्हणाली, बस, थोडं दाखवते. मी हात पुसून बसलो. दुकान सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. एक गिऱ्हाईक बोललं, आवाज अगदी स्वच्छ, पंख्याचा मागमूस नाही. मी मनात म्हटलं, पोरीने करून दाखवलं. मग मी आलो. खुर्चीत बसलेला मी, भुंगा गळ्याला, ओठ हलतायत, डोळ्यांत पाणी. आणि आवाज नाही. कुठे शब्दाची एखादी ठिणगी, ठक, फस्, बाकी काही नाही. नातीने चमचा लावून करून दाखवलं होतं, तसाच मी दिसत होतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भुंगा उचलला.

‘तुलाही नकोय का माझा आवाज?’

ती पांढरीफटक पडली. हेडफोन काढून काहीतरी सांगायला लागली, पण मी ऐकून घेतलं नाही. शटर ओढलं, दुकानावरच्या माझ्या खोलीत गेलो आणि न जेवता आडवा झालो. मुलाचं मी गिळलं होतं. पण हिच्यापुढे मी स्वतः होऊन बोललो होतो, ते जास्त झोंबलं.

सकाळी खाली आलो तर ती जमिनीवर बसलेली, समोर लॅपटॉप. माझ्याकडे न बघताच म्हणाली, मामा, एक ऐक, मग रागाव. तिचं म्हणणं असं होतं. ते सॉफ्टवेअर माणूस ओळखत नाही. त्याला एवढंच शिकवलंय की माणसाचा आवाज वर-खाली होतो आणि यंत्राचा एका सुरात राहतो. जे वर-खाली होतं ते ठेवायचं, जे एका सुरात चालतं ते काढून टाकायचं. तिने पहिल्या गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकलं, स्वच्छ वाटलं, आणि बाकीच्या सगळ्या तुकड्यांवर तेच चालवून ती चहा करायला गेली. माझा तुकडा तिने नंतर ऐकलाच नाही. म्हणाली, मी सगळं कानाने ऐकायला हवं होतं, मी मशीनवर विसंबले.

मग म्हणाली, त्याने काढून टाकलेला कचरा वेगळा ऐकता येतो. आणि तिने तो लावला.

काय सांगू तुम्हाला! आधीच्या तुकड्यांतली मशीनची भुणभुण, मग पंख्याची घरघर आणि तिच्या मधोमध मी. एकेक शब्द स्पष्ट. माझा मुलगा कॉलवर माझा आवाज बंद करून ठेवतो. गोंगाटात जमा झालो होतो मी, पण होतो, अख्खाच्या अख्खा होतो. आम्ही दोघं तिथे जमिनीवर बसून तो कचरा शेवटपर्यंत ऐकत राहिलो. आणि ऐकता ऐकता माझी नजर पावडरच्या डब्याला टेकवलेल्या टॅबवर गेली. मी भुंगा उचलला.

‘कॉलमध्येपण असं सॉफ्टवेअर असतं का गं?’

तिने टॅब उचलला, कुठे कुठे बोटं फिरवली आणि हळूच माझ्यापुढे धरला. तिथे लिहिलं होतं, आजूबाजूचा गोंगाट काढून टाका. समोरचं बटण चालू होतं. ते कोणी चालू केलं नव्हतं, टॅब घेतल्यापासून तसंच होतं.

मला एकदम विश्वास ठेवायची भीती वाटली. म्हटलं, आधी तपासून बघू. ती आपला फोन घेऊन रस्त्यापलीकडे बेकरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मला काचेतून ती दिसत होती आणि टॅबवरही दिसत होती. मी भुंगा लावून बोललो. तिने मान हलवली, नाही. ती परत आली, ते बटण बंद केलं, पुन्हा पळत पलीकडे गेली. मी म्हटलं, डायरेक्टर, केस कापून घे, झिपऱ्या झाल्यात. ती तिथे भर रस्त्यात हसायला लागली आणि हसता हसताच बाहीने नाक पुसायला लागली. बेकरीवाला बाहेर येऊन बघायला लागला, हिला काय झालं म्हणून.

मुलाचा कॉल यायला अजून वेळ होता आणि तिला फिल्म द्यायला कॉलेजात जायचं होतं. मी थांब म्हटलं नाही, तिने थांबू का विचारलं नाही. जाण्याआधी तिने माझ्याकडून केस मात्र कापून घेतले. फिल्ममध्ये तिने पंखा तसाच ठेवलाय, मशीनही. नंतर फोनवर सांगत होती की सर म्हणाले, आवाज साफ नाही केलास? तर ही म्हणाली, केला होता सर, मग परत घाण केला. हेडफोनची वायर अजून खिशातच असते का, ते मी विचारलं नाही. रिकाम्या खुर्चीवर तिचा एक टॉवेल राहिलाय, तो मी तसाच ठेवलाय.

ती गेल्यावरचे ते दिवस मला फार जड गेले. खोटं वाटेल, पण इतके दिवस राग सोबतीला होता, आता तोही नव्हता. वाटायचं, बटण बंद केलं आणि तरीही आवाज येत नाही म्हणाला, तर? मग बोट दाखवायला मशीनही उरणार नाही. कॉलच्या दिवशी मी उगाच दाढी केली. नवे सेल घातले, त्याच खोक्यातले. जिवावर आलं होतं, पण बसलो.

टॅबवर मुलगा दिसला. काहीतरी चिरत होता, मान खाली. सवयीने म्हणाला, जेवलात का? मी भुंगा गळ्याला लावला.

‘जेवलो. तू जेवलास?’

त्याची सुरी थांबली. त्याने वर पाहिलं, सुरी खाली ठेवली आणि स्क्रीनजवळ वाकला. मला वाटलं, गेला आवाज, संपलं. मग तो म्हणाला, ‘बाबा, मला वाटलं होतं, तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत.’

मी त्याला सगळं सांगितलं. पंखा, मशीन, कचरा, बटण. किड्याचंही सांगितलं. तो मध्येच उठून गेला, तोंड धुऊन आला. म्हणाला, बाबा, इकडून दिसायचं की तुम्ही यंत्र उचलतच नाही. मला वाटायचं, जाताना मी भांडून आलो, त्याचा तुम्हाला राग. मी म्हटलं, अरे, विचारायचं. तो म्हणाला, तुम्ही हो म्हणाला असतात तर? माझाच मुलगा. दुसऱ्या कोणाचा असणार?

माझं बोलणं ऐकून नात खोलीत आली. हा आवाज कुठून येतो ते बघायला लागली. मी तिला हाक मारली. ती टॅबकडे बघत एक पाऊल मागे सरकली, मग बापाच्या खुर्चीमागे गेली, मग दिसेनाशीच झाली. मी भुंगा खाली ठेवला. मुलगा म्हणाला, बाबा, ठेवू नका ना, बोला. पण मी नुसती मान हलवली, जुन्या सवयीने.

तेवढ्यात ती आली. हातात चमचा. तो उभा धरून तिने गळ्याला लावला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि पूर्ण ताकदीने केलं, ‘घर्रर्रर्र.’

मुलगा हसत होता की रडत होता, कळत नव्हतं. मी तिच्याकडे बघत होतो. चमचा तिने फार वर, हनुवटीखाली धरला होता. मी भुंगा उचलला आणि म्हटलं, अगं तिथे नाही, जरा खाली धर.